दबायचं बटण

मुलांनो, असं समजा की तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात. दोन्ही बाजूंना तुमच्या दुप्पट उंचीच्या भिंती. वर पाहिलं तर आभाळाची एक चिंचोळी पट्टी. वाट पुढे जाते आणि वळते, वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. मागे पाहाल तर तिथेही तसंच वळण. आणि या सगळ्यात कुठेतरी, फार लांब नाही, एक मोठं जनावर श्वास घेतंय. तो श्वास तुम्हाला ऐकू येतो. तुमचा त्याला येतो की नाही, ते तुम्हाला माहीत नाही.

डोळे मिटायची गरज नाही, उघडेच ठेवा. आता सांगा, तुम्ही काय कराल?

हा प्रश्न मला चौथीतल्या एका मुलीने विचारला होता. माझ्या पडवीत बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मी म्हणाले, पळेन. तिने मान हलवली. भागाकार चुकलेल्या पोरासमोर मी हलवते, अगदी तशीच.

"पळाल्या की मेल्या, बाई. पळालेलं त्याला ऐकू येतं. हे बघा, हे दबायचं बटण. हे धरून ठेवलं की आपण खाली बसतो. मग आपण त्याला दिसतच नाही."

तिचं नाव कादंबरी डुंबरे. सगळे तिला कादू म्हणायचे. जुन्नरकडे एका वस्तीजवळ जिल्हा परिषदेची छोटी शाळा होती, तिथे मी शिकवत होते. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. शाळेपासून वस्तीपर्यंत बांधाची वाट होती आणि वस्तीच्या टोकाला माझी भाड्याची खोली. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, म्हणून कादू लॅपटॉप घेऊन माझ्याकडे यायची. लॅपटॉप तिच्या पुण्याच्या मामाचा, जुना झाला म्हणून भाचीला दिलेला. त्यातला खेळही मामानेच घालून दिला होता. खेळाचं नाव इंग्रजीत लांबलचक होतं. आम्ही त्याला वळूचा खेळ म्हणायचो.

ग्रीस देशातल्या फार जुन्या गोष्टींवरून तो बनवलेला होता. भाला घेतलेली एक मुलगी एका बेटावर उतरते. आधी एक बाग लागते, तिथे दगडाची माणसं उभी असतात. केसांच्या जागी साप असलेली एक बाई ज्याच्याकडे बघेल, तो जागच्या जागी दगड होतो. मग एक काळी नदी, आणि पैसे घेतल्याशिवाय कुणालाही पार न नेणारा नावाडी. शेवटी तो महाल. महालात नुसत्या वाटाच वाटा, आणि त्या वाटांमध्ये धड माणसाचं, डोकं बैलाचं असा वळू. राजाने त्याला तिथे कोंडलेलं असतं आणि त्याच्या पुढ्यात माणसं सोडलेली असतात.

कादू मला रोज शिकवायची. मी रोज मरायचे. ती हसायची आणि म्हणायची, तुमचा अभ्यास कच्चा आहे. मग स्वतः खेळून दाखवायची. तिची डावी करंगळी त्या बटणावर अशी बसलेली असे की ती बटण दाबते आहे हे तिलाही कळत नसे. दाबलं की पडद्याच्या कडा काळ्या व्हायच्या, ढोल वाजावा तसं भालेवालीचं काळीज वाजायचं आणि वळू अगदी हाताच्या अंतरावरून हुंगत निघून जायचा. ते बघताना माझ्या मानेवर काटा यायचा. कादू मात्र ओठ दाबून शांत बसलेली असायची.

एकदा मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते ना. पण दबलं की संपली."

आता आमच्याकडची दुसरी गोष्ट सांगते. आमच्याकडे बिबटे उसात राहतात. जंगलात नाही, उसातच. तिथेच जन्मतात, तिथेच वाढतात. ऊस उंच असतो, गार असतो, आत पाणी असतं आणि आसपास कुत्री आणि शेळ्या. वन खात्याची माणसं शाळेत येऊन मुलांना सांगून गेली होती. उसाजवळ एकटं जाऊ नका. गेलात तर बोलत जा, गाणी म्हणा. आणि बिबट्या समोर आलाच तर वाकू नका, बसू नका. बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. उभे राहा, हात वर करा, आवाज करा, पाठ दाखवू नका. त्यांनी प्रश्न विचारले तेव्हा सगळ्यांत आधी हात कादूचा वर गेला होता आणि तिची सगळी उत्तरं बरोबर आली होती.

मुलांनो, उत्तर येणं वेगळं आणि वेळेला ते हातापायांत येणं वेगळं. हे मी इतकी वर्षं शिकवत होते, पण मला स्वतःला ते त्या संध्याकाळी कळलं.

थंडीचे दिवस होते. ऊसतोड चालू होती. वाटेवरच्या मोठ्या वावरात तोडणीवाल्यांनी तीन बाजूंनी ऊस काढत आणला होता आणि मधे एक चौकोनी तुकडा तेवढा उभा राहिला होता. असा तुकडा वाईट. आत जे काही असेल ते सगळीकडून सरकत सरकत त्यात येऊन बसतं. कादूच्या वडिलांनी, बाळासाहेबांनी, सकाळीच वस्तीवर सगळ्यांना बजावलं होतं की उद्या तोड पुरी होईपर्यंत त्या तुकड्यात कुणी पाय ठेवायचा नाही.

शाळा सुटल्यावर मी आणि कादू नेहमीसारख्या बांधावरून निघालो. तोडणीवाले ट्रक भरायला डांबरी रस्त्याकडे गेले होते. ऊन तिरपं झालं होतं. बांधाला डुंबऱ्यांची शेळी बांधलेली होती. ती उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खात होती आणि तिचं करडू सुटं बागडत होतं. कादू मला सांगत होती की महालातला शेवटचा दरवाजा तिला काल सापडला, पण आज दाखवणार नाही, कारण मी आधीचे दरवाजेही अजून पार केलेले नाहीत. मी म्हणाले, मग मंगळवारी बाजारात हिशेब करायला न्यायची ती गणिताची सहल मी नाही काढणार. ती म्हणाली, गणिताची सहल कुणाला पाहिजे.

करडू उड्या मारत त्या तुकड्यात शिरलं.

कादूने दप्तर बांधावर टाकलं आणि त्याच्या मागे गेली. मी हाक मारली तोवर तिचा लाल स्वेटर उसात दिसेनासा झाला होता. माझा उजवा गुडघा तेव्हाही धड नव्हता. मी काठी टेकत बांधाच्या कडेला आले आणि पुन्हा हाक मारली. आतून तिचा मजेतला आवाज आला, सापडलं बाई, आलेच.

मग ती आली नाही.

आधी शेळीने खाणं थांबवलं. तोंडातला वाढा तसाच लोंबत ठेवून ती उसाकडे बघत राहिली. मग तुकड्याच्या पलीकडच्या बाभळीवर सातभाई पक्षी कलकलायला लागले, एकाच जागेवर, खालच्या फांदीवरून. वस्तीवरची माणसं त्या कलकलाटाचा अर्थ जाणतात, खाली जनावर आहे. मीही तोवर जाणायला लागले होते.

उसाच्या ओळींमधल्या सऱ्या बांधाला काटकोनात होत्या. त्या तुकड्यातलं खालचं पाचट, वाळलेली पानं, काढलेलं होतं, त्यामुळे सरीच्या तोंडाशी उभं राहिलं की आत लांबवर दिसायचं. मी एका सरीत पाहिलं, दुसरीत पाहिलं. तिसरीत मला तो लाल स्वेटर दिसला. आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीपासून फळ्यापर्यंत असेल, तेवढ्या अंतरावर. ती माझ्याकडे अर्धी पाठ करून बसली होती. उकिडवी, डोकं गुडघ्यांत घातलेलं, करडू पोटाशी धरलेलं आणि एका हाताने त्याचं तोंड मिटलेलं.

तिच्या पुढे, तेवढ्याच अंतरावर, सरीत तो होता.

मला आधी तो दिसलाच नाही. ऊन-सावलीचे ठिपके दिसले. मग ते ठिपके श्वास घेताना दिसले. त्याचं पोट जमिनीला टेकलेलं होतं आणि खांदे पाठीच्या वर आलेले होते. तो माझ्याकडे बघत नव्हता.

माझ्या पर्समध्ये फोन होता. पण पर्स उघडायची तर खाली बघावं लागलं असतं आणि मला नजर काढवेना. मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हणाले, "कादू, मी मागे आहे. बांधावर."

ती कुजबुजली. उसात वारा नव्हता, म्हणून ते मला ऐकू आलं.

"बाई, बोलू नका. तो इथंच आहे."

"मला दिसतोय."

"जाईल तो. मी दबलेय."

तेव्हा मला तिचा हात दिसला. करडाच्या पाठीवर तिची डावी करंगळी दाबून धरलेली होती. नखाखालचं बोट पांढरं पडलं होतं.

मी तिला सांगितलं की उभी राहा. वन खात्याच्या साहेबांनी काय सांगितलं होतं ते आठव, म्हणाले. तिने मान नाही अशी हलवली, अगदी थोडीशी. ती हलली तशी त्याच्या शेपटीचं टोक हललेलं मला दिसलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिने डोकं आणखी खाली घातलं. त्यानेही आपलं डोकं आणखी खाली घेतलं.

"उठले तर दिसेन ना मी," ती म्हणाली.

मुलांनो, इथे थोडं थांबा. त्या मुलीची भीती त्या घडीला आटोक्यात होती. ती शांत बसू शकत होती, हळू बोलू शकत होती, कारण आपण दिसत नाही असं तिला वाटत होतं. मला मात्र सरळ सरीतून दिसत होतं की ती त्याला दिसते आहे. त्याचे दोन्ही डोळे तिच्यावर होते, आणि ती जितकी लहान होत होती तितका तो पुढे येण्याच्या तयारीत येत होता. हे तिला सांगितलं आणि ती घाबरून पळाली, तर संपलं. नाही सांगितलं आणि ती तशीच बसून राहिली, तरी संपलं. लहान मुलांना घाबरवायचं नाही असा माझा आयुष्यभराचा नेम होता. वर्गात पाल पडली तरी मी म्हणायचे, काही नाही, बसा. ओरडून माणसं गोळा करावीत म्हटलं तर ट्रक डांबरी रस्त्यावर होता आणि त्याचं इंजिन चालू होतं.

त्याने एक पंजा उचलला आणि न वाजवता पुढे ठेवला.

"कादू," मी म्हणाले, "तू त्याला दिसतेस."

 तिची पाठ ताठ झाली. ती आता पळेल असं मला वाटलं. 

मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

करडाने तिच्या हाताखाली बारीक आवाज काढला. तिने करंगळी सोडली. सोडलेली मला दिसली. नंतर ती खूप वेळ, म्हणजे मला खूप वाटला तेवढा वेळ, तशीच बसून राहिली. आता ती दबून बसली नव्हती. आता तिला उठता येत नव्हतं.

"बाई, पाय उठत नाहीत."

मी म्हणाले, उठतील. ती म्हणाली, नाही उठत.  मी तिला साहेबांचे नियम पुन्हा सांगितले असते तर ते तिला सगळे पाठच होते. हिंमत धर म्हणाले असते तर ती कुठून धरायची हे मी तिला सांगू शकले नसते. आणि मला स्वतःला त्या वावरात जाऊन तिला उचलून आणता येत नव्हतं. जन्मभर मी एकच काम केलं होतं. माझ्याजवळ तेच होतं.

मी काठी बगलेत धरली, सरळ उभी राहिले आणि शाळेत सकाळी काढते तो मोठा आवाज काढला.

"औटी वैष्णव दत्तात्रय."

सरीत माझा आवाज घुमला. बिबट्याचा एक कान माझ्याकडे वळला. डोळे वळले नाहीत.

"घोलप आरती संपत."

माझ्या वर्गात हजेरीला बसून उत्तर दिलेलं चालत नसे. नाव घेतलं की आपल्या जागेवर ताठ उभं राहायचं, हात बाजूला, आणि खणखणीत हजर म्हणायचं. झोपेत असलेलं पोरगंसुद्धा आपलं नाव आलं की उठायचं. कितीदा तरी असं झालं आहे की आधी पोरगं उभं राहिलं आणि मग जागं झालं.

"डुंबरे कादंबरी बाळासाहेब."

ती उभी राहिली.

कशी राहिली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. गुडघे आधी सरळ झाले, मग पाठ, मग मान. करडू छातीशी होतं म्हणून हात बाजूला करता आले नाहीत. आवाज फाटका निघाला, पण मोठा निघाला.

"हजर, बाई."

बिबट्याने मान वर केली. जमिनीलगत टेकलेलं त्याचं पोट उचललं गेलं. जिथे आत्तापर्यंत काहीतरी छोटं होतं तिथे आता एक उभं माणूस होतं, आणि ते बोलत होतं. तो गेला नाही. पण जो पंजा पुढे टाकायचा होता तो त्याने टाकला नाही.

आता मला पुढचं नाव घ्यायचं होतं, आणि ते मला येईना. जी यादी मी तापात पडले असतानाही म्हटली असती, तिच्यातलं पुढचं नाव माझ्या तोंडात येईना.  डोळ्यांपुढे फक्त ते पिवळे डोळे होते, आणि आता ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. सातभाईही गप्प झाले होते. सगळ्या वावरात कुणाचाच आवाज नव्हता. ही शांतता लांबली तर ती पुन्हा खाली बसेल, एवढंच मला समजत होतं.

मग कादूच बोलली. मागे न बघता तिने एक पाय मागे टाकला आणि म्हणाली,

"तांबे समाधान रोहिदास." आणि लगेच समाधानच्या घोगऱ्या आवाजात, "हजर, बाई."

दुसरा पाय मागे.

"पानसरे प्रतीक्षा विलास. हजर, बाई." ही प्रतीक्षा नेहमी लाडात येऊन, शब्द लांबवून हजर म्हणायची. कादूने तेही तसंच म्हटलं.

प्रत्येक नावाला ती एक पाऊल मागे येत होती आणि प्रत्येक नावाला दुसऱ्याच आवाजात उत्तर देत होती. जणू तिच्या दोन्ही बाजूंच्या सऱ्यांमध्ये आमची सगळी पोरं उभी होती. फापाळे आदेशचा आवाज आदेश काढतो तसाच, उगाच जोरात, बेंबीच्या देठापासून काढलेला. त्या आवाजाला बिबट्या दचकला. तो वळला आणि बाजूच्या उसात शिरला. दोन-चार ऊस हलले, मग त्यांच्या पलीकडचे हलले, मग कुठलेच हलले नाहीत.

तो गेला होता, की नुसता दिसेनासा झाला होता, ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं. तो कुठे आहे हे निदान आत्तापर्यंत ठाऊक होतं. आता तो कुठल्याही सरीतून येऊ शकत होता. शहाणं मोठं माणूसही तेव्हा पाठ फिरवून पळालं असतं. मला वाटलं आता ती पळेलच, आणि तिला पळू नकोस म्हणायला मला आवाज नव्हता.

ती पळाली नाही. उभ्या उसाकडे तोंड करून ती तशीच मागे येत राहिली. शिंगोटे अनिकेत. हजर, बाई. हांडे सुप्रिया. हजर, बाई.

तिथे यादी संपली. आमची शाळा लहान होती. बांध अजून काही पावलं लांब होता.

कादू थांबली. मी तिच्या मागे अजून आहे की नाही, हे तिला वळून बघता येत नव्हतं, आणि मी बऱ्याच वेळात एक शब्द बोलले नव्हते. तिने करडू नीट धरलं, मोठा श्वास घेतला आणि आमच्या शाळेच्या हजेरीत कधीच न घेतलेलं एक नाव मोठ्याने घेतलं.

"साबळे नलिनी मारुती."

आणि माझं उत्तर येईपर्यंत तिने पुढचं पाऊल टाकलं नाही.